पान पाच, पान दोनच्या आधी

गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल चौघांनी मिळून गूगल डॉक्समध्ये लिहिला आहे. सभेच्या आदल्या संध्याकाळी सचिवांच्या लक्षात येतं, की इमारतीच्या दुरुस्तीचं पान पाचव्या जागी पडलंय. ते दुसऱ्या पानाच्या आधी यायला हवं, कारण पुढचा सगळा जमाखर्च त्या दुरुस्तीवरच उभा आहे. सचिव पडद्याच्या डावीकडे पानांची छोटी चित्रं शोधतात. सादरीकरणाच्या स्लाइड तिथे दिसतात आणि माउसने धरून वरखाली करता येतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. इथे तसं काही नाही. मग ते एकेक मेनू उघडून ‘पान हलवा’ अशा अर्थाची ओळ शोधतात. तीही सापडत नाही.

ती ओळ तिथे नसण्यामागे कारण आहे. ते एकदा समजलं की लांब लेखन हाताळण्याची आपली सवयच बदलते, म्हणून आधी कारण पाहू आणि मग कृतीकडे वळू.

डॉक्सच्या लेखी पान ही वस्तूच नाही. आपण टाइप करतो तो मजकूर म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गेलेली एकच सलग माळ. परिच्छेद कुठे संपला, कुठलं वाक्य ठळक आहे, तक्ता कुठे बसलाय, या खुणा त्या माळेतच असतात. पहिलं पान अमुक अक्षराला संपतं आणि तिथून दुसरं सुरू होतं, अशी नोंद मात्र त्यात नसते. कागदाचा आकार, समास, अक्षराचा आकार आणि ओळींमधलं अंतर यांचा हिशोब करून पानाची सीमा दर वेळी नव्याने काढली जाते. एक शब्द वाढवला तरी तो हिशोब पुन्हा होतो.

याची परीक्षा घरबसल्या घेता येईल. फाइल मेनूतल्या पेज सेटअपमध्ये जाऊन कागद ए-फोरऐवजी लेटर करा. ए-फोर २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. अमेरिकेत चालणारा लेटर साधारण २१६ बाय २७९, म्हणजे किंचित रुंद आणि बराच बुटका. तुम्ही एकाही अक्षराला हात लावलेला नसतो, तरी पानं भलत्याच ठिकाणी संपू लागतात. देवनागरीत हा फरक फाँट बदलल्यावरही ठळक दिसतो. वरच्या मात्रा आणि रफार, खालचे उकार आणि जोडाक्षरांचे पाय या सगळ्यांना जागा लागते, आणि ती किती द्यायची हे प्रत्येक फाँट आपल्या परीने ठरवतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला मुक्ता घ्या आणि मग तोच मजकूर टिरो देवनागरी मराठीत पाहा. ओळींची उंची बदलते, आणि तिच्यामागोमाग पानांच्या सीमाही.

आणखी दोन पुरावे गूगलच्याच वागण्यात आहेत. एका डॉक्स फाइलमध्ये जास्तीत जास्त किती मजकूर मावतो, ही मर्यादा पानांत दिलेली नाही. ती अक्षरांत आहे: दहा लाख वीस हजार अक्षरं, मग त्यांची पानं कितीही होवोत. आणि २०२२ सालापासून डॉक्समध्ये ‘पेजलेस’ असा पर्याय आहे. तो निवडला की पानं नाहीशी होतात, मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे सलग वाहतो, आणि लिहिलेल्यातलं एक वाक्यही कमी होत नाही. जे काढून टाकल्यावर मजकुराचं काहीच बिघडत नाही, ते मजकुराचा भाग नव्हतंच.

खिळ्यांच्या छापखान्यात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. कंपोझिटर खिळे जुळवून ओळी करायचा, ओळी लांब गॅलीत रचल्या जायच्या, आणि त्या गॅलीचं प्रूफ काढून वाचलं जायचं. तोवर पान नव्हतंच. एखादा परिच्छेद वर घ्यायचा असेल तर तो तिथेच घ्यायचा. पानं लावायचं काम त्यानंतरचं. ऑनलाइन दस्तऐवज कायम गॅलीच्या अवस्थेत असतो. आपल्याला पानं दिसतात खरी, पण ती आज छापलं तर काय होईल याची झलक असते.

मजकुराचा क्रम बदलण्याची गरज मात्र खरी आणि जुनी आहे. संगणकाचा पडदा लिहिण्यासाठी वापरायचा विचार ज्यांनी सुरुवातीला केला, त्यांच्या डोळ्यांसमोर हीच गरज होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक दाखवलं. माउस लोकांसमोर आला तो याच सभेत. त्या दिवशी एंगलबार्ट यांनी पडद्यावर बाजारहाटाची यादी घेतली आणि तिच्यातल्या वस्तू उचलून प्रकारानुसार एकेका गटाखाली लावून दाखवल्या. शब्द नुसते टाइप करून दाखवणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. विचार मांडून झाल्यावर त्याची मांडणी पुन्हा पुन्हा बदलता आली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं १९६२ सालच्या त्यांच्या अहवालातही आहे.

‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्यांच्यामागे खरी कात्री आणि खरी खळ होती हे विसरायला होतं. गिन अँड कंपनी ही बॉस्टनजवळची पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था झेरॉक्सच्या मालकीची होती. तिथले संपादक हस्तलिखिताचे तुकडे कापून दुसऱ्या जागी चिकटवत. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतले लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी या संपादकांची कामाची पद्धत समजून घेतली आणि त्यांच्यासाठी १९७४-७५च्या सुमारास ‘जिप्सी’ नावाचा संपादक-प्रोग्राम लिहिला. माउस ओढून मजकूर निवडायचा, कापायचा, दुसरीकडे चिकटवायचा ही रीत तिथे घडली. संपादकांनी आपली कात्री ओळखली आणि नवं यंत्र लवकर आत्मसात केलं. टेस्लर २०२० साली गेले. रोज कोट्यवधी माणसं त्यांनी बसवलेल्या या हालचाली करतात आणि त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

जिप्सीच्या आधी त्याच प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा संपादक-प्रोग्राम केला होता. त्याच्या पोटात एक सुंदर युक्ती होती, तिला पीस टेबल म्हणतात. मजकूर एकदा साठवला की तो तिथेच राहतो. वेगळा एक छोटा तक्ता असतो, त्यात फक्त क्रम लिहिलेला: आधी अमुक ठिकाणापासून इतकी अक्षरं घ्या, मग तमुक ठिकाणापासून इतकी. तुम्ही परिच्छेद हलवलात की अक्षरं जागची हलत नाहीत, तक्त्यातल्या ओळींचा क्रम बदलतो. शंभर पानांचा मजकूर हलवणं आणि एक ओळ हलवणं, दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि ही युक्ती त्यांच्याबरोबर वर्डमध्ये गेली.

आता सचिवांच्या कामाकडे. पान हलवता येत नाही, पण पानावरचा मजकूर हलवता येतो, आणि त्याचा सरळ मार्ग टेस्लर यांचाच. हलवायच्या भागाच्या पहिल्या अक्षराआधी क्लिक करा, खाली सरकत शेवटापर्यंत जा आणि शिफ्ट दाबून तिथे क्लिक करा. मधला सगळा भाग निवडला जातो; माउस ओढत पानामागून पान खाली नेण्याची कसरत करावी लागत नाही. मग कंट्रोल-एक्स, नव्या जागी क्लिक, आणि कंट्रोल-व्ही. कंट्रोल-शिफ्ट-व्ही मात्र इथे वापरू नका. ती कळ मजकूर साधा करून चिकटवते. शीर्षकांची शैली आणि ठळक अक्षरं वाटेतच गळतात. एखाददुसरा परिच्छेद थोडाच वरखाली करायचा असेल तर त्यात कर्सर ठेवून ऑल्ट आणि शिफ्ट दाबून वरचा किंवा खालचा बाण दाबा. परिच्छेद एकेक घर सरकतो, कापाकापी लागत नाही.

चूक बहुतेक वेळा सीमेवर होते. तुमचा भाग नव्या पानावर सुरू व्हावा म्हणून तुम्ही कंट्रोल-एंटर दाबून पेज ब्रेक घातलेला असतो. तो पेज ब्रेकही मजकुराच्या माळेतलंच एक चिन्ह आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. मजकूर निवडताना तो मागे राहिला तर जुन्या जागी कोरं पान उरतं, आणि नव्या जागी आलेला भाग शेजारच्याला चिकटून बसतो. सेक्शन ब्रेकचं दुखणं याहून मोठं आहे. समास, आडवं-उभं पान, शीर्षपट्टी या गोष्टी सेक्शनच्या मालकीच्या असतात. मजकूर एका सेक्शनमधून दुसऱ्यात गेला की तो नव्या घराचे नियम पाळू लागतो. म्हणून कापण्याआधी व्ह्यू मेनूतून न छापली जाणारी चिन्हं दाखवण्याचा पर्याय चालू करा. सगळ्या खुणा उघड्या पडतात आणि नेमकं कुठून कुठवर उचलायचं ते दिसतं.

पेज ब्रेकऐवजी मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते. फॉरमॅट मेनूत ओळींच्या अंतराच्या पर्यायांमध्ये ‘अ‍ॅड पेज ब्रेक बिफोर’ असं एक वाक्य असतं. शीर्षकाच्या परिच्छेदाला ते लावलं, की हा परिच्छेद नेहमी नव्या पानावरच सुरू होईल, असा गुण त्याला लागतो. शीर्षक जिथे न्याल तिथे तो गुण बरोबर जातो. मागे कोरं पान राहण्याची भीती उरत नाही.

चित्रांकडेही एकदा पाहून घ्या. ‘इन लाइन’ ठेवलेलं चित्र माळेतल्या एका मोठ्या अक्षरासारखं वागतं आणि मजकुराबरोबर मुकाट्याने जातं. ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ केलेलं चित्र पानावरच्या जागेला बांधलेलं असतं, त्यामुळे क्रम बदलायचा असलेल्या लेखनात ते ठेवूच नये.

लेखन वीस-पंचवीस पानांच्या पुढे गेलं की ही कापाकापी थकवते. इथे मजकुराला सांधे लागतात, आणि ते सांधे म्हणजे शीर्षकं. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करून भागत नाही. त्याला हेडिंग एक, हेडिंग दोन अशी शैली द्यावी लागते. ती दिली की डावीकडच्या आउटलाइनमध्ये सगळ्या प्रकरणांची उतरंड उभी राहते आणि कुठलं प्रकरण कुठे आहे ते एका नजरेत कळतं. डॉक्सची आउटलाइन मात्र नुसती रस्ता दाखवते; तिच्यातलं शीर्षक ओढून प्रकरण हलत नाही. संगणकावर बसवलेल्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ते होतं. तिथे नॅव्हिगेशन पेनमधलं शीर्षक ओढलं की त्याखालचा सगळा मजकूर, उपशीर्षकांसकट, नव्या जागी जातो. मोफत मिळणाऱ्या लिबर ऑफिसच्या नॅव्हिगेटरमध्येही प्रकरणं वरखाली करता येतात. मोठी उलथापालथ असेल तर फाइल वर्डच्या स्वरूपात उतरवून तिथे क्रम लावणं शहाणपणाचं, पण ती परत चढवली की ती नवी फाइल होते आणि जुन्या फाइलचा इतिहास तिच्याबरोबर येत नाही, हे ध्यानात असू द्या.

२०२४च्या ऑक्टोबरपासून डॉक्समध्ये टॅब आले, आणि माझ्या मते क्रम बदलण्याच्या बाबतीत इतक्या वर्षांत त्यात झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे. एकाच फाइलमध्ये प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा टॅब देता येतो, त्याखाली उपटॅब ठेवता येतात, आणि डावीकडच्या यादीत टॅब माउसने धरून वरखाली करता येतात. सचिव जे शोधत होते त्याच्या जवळ जाणारी गोष्ट ही आहे. फरक एवढाच, की टॅबमध्ये काय जाईल ते कागदाची उंची ठरवत नाही, लिहिणारा ठरवतो. प्रबंध लिहिणाऱ्यांनी आणि दिवाळी अंक जुळवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून प्रकरणाला किंवा लेखाला एक टॅब हा नियम केला, तर अनुक्रमणिकेवरचे शेवटच्या आठवड्यातले वाद मिनिटाभरात करून पाहता येतील.

इथवर एकटा माणूस लिहितोय असं आपण धरलं. ऑनलाइन दस्तऐवजाचं खरं वैशिष्ट्य मात्र एका वेळी अनेकांनी लिहिण्यात आहे, आणि मजकूर हलवण्याचा अवघड भागही तिथेच आहे. डॉक्स प्रत्येक बदलाची नोंद करतो: अमुक क्रमांकाच्या जागी ही अक्षरं घाला, तमुक ते तमुक पुसा, इतक्या भागाला ही शैली लावा. तुम्ही दहाव्या जागी पाच अक्षरं घातलीत आणि त्याच क्षणी सहकाऱ्याने पन्नासावं अक्षर पुसलं, तर तुमच्या पाच अक्षरांमुळे त्याचं पन्नासावं आता पंचावन्नावं झालेलं असतं. म्हणून त्याची सूचना तेवढी सरकवून लागू करावी लागते. या सरकवण्याच्या गणिताला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. त्याची मूळ मांडणी क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ साली केली, आणि डॉक्सची एकत्र लिहिण्याची सोय त्यावर उभी आहे.

कापून चिकटवणं या नोंदींमध्ये दोन वेगळ्या घटना होतात: एका जागी पुसलं, दुसऱ्या जागी घातलं. ‘हा तोच परिच्छेद आहे, फक्त जागा बदललीय’ ही माहिती मध्येच हरवते. समजा, तुम्ही परिच्छेद कापून वर नेताय आणि त्याच वेळी सहकारी त्या परिच्छेदात एक वाक्य लिहितोय. तुमच्याबरोबर जातो तो कापण्याच्या क्षणाचा मजकूर. त्याने नंतर टाइप केलेली अक्षरं जुन्या जागी एकटी पडतात. त्याहून विचित्र प्रकार दोघांनी एकाच वेळी तोच परिच्छेद हलवल्यावर होतो. पुसणं दोघांचं एकच, कारण पुसलेलं पुन्हा पुसता येत नाही. घालणं मात्र दोन वेळा होतं. परिच्छेद दुणावतो. केंब्रिज विद्यापीठात काम करणारे मार्टिन क्लेपमन यांनी २०२० साली एका शोधनिबंधात सामूहिक याद्यांमधला हाच पेच मांडला. त्यांचा उपाय असा, की हलवणं ही स्वतंत्र क्रिया मानावी, प्रत्येक घटकाला आपली जागा सांगणारी एकच नोंद द्यावी, आणि दोन जणांनी दोन जागा सांगितल्या तर त्यातली एकच सर्वांनी मान्य करावी. संगणकशास्त्रज्ञांना २०२० साली ज्यावर निबंध लिहावा लागतो, ते आपल्याला एका कळीत जमत नाही म्हणून खट्टू होण्याचं कारण नाही.

बदल थेट न करता नुसते सुचवण्याच्या सजेस्टिंग मोडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. हलवलेला परिच्छेद एका जागी खोडलेला दिसतो आणि दुसऱ्या जागी नव्याने घातलेला, म्हणजे तपासणाऱ्यापुढे दोन सुटे प्रस्ताव. त्याने खोडणं स्वीकारलं आणि घालणं नाकारलं तर परिच्छेद गेलाच. उलट केलं तर तो दोनदा उरला. म्हणून मोठी हलवाहलव सजेस्टिंग मोडमध्ये करू नये, हे माझं ठाम मत आहे. सगळ्यांना दहा मिनिटं थांबायला सांगा, फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन सध्याच्या प्रतीला ‘क्रम बदलण्याआधी’ असं नाव द्या, एकाच माणसाने क्रम लावावा, आणि मग पुन्हा लिहायला लागावं. काही बिघडलं तर नाव दिलेली प्रत जशीच्या तशी परत आणता येते.

क्रम बदलल्यावर मजकूर एकदा सलग वाचणं टाळता येत नाही. डॉक्सने स्वतः घातलेल्या तळटीपा मजकुराबरोबर जातात आणि त्यांचे आकडे आपोआप नव्याने लागतात. अनुक्रमणिकेवरचं रिफ्रेशचं चिन्ह दाबलं की तीही नवी होते. हाताने लिहिलेलं मात्र यंत्राला कळत नाही. ‘वरील तक्त्यात पाहिल्याप्रमाणे’ हे वाक्य तक्त्याच्याही वर जाऊन बसतं. ‘पान ७ पाहा’ हे तर पहिल्याच दिवशी खोटं पडण्याची शक्यता असते. त्याऐवजी त्या शीर्षकाची लिंक द्यावी. एखाद्या संस्थेचं पूर्ण नाव पहिल्या उल्लेखात आणि पुढे संक्षेप, अशी रीत पाळली असेल तर आता संक्षेप आधी आणि पूर्ण नाव मागाहून आलेलं असतं. ‘ते म्हणाले’ मधले ‘ते’ कोण, हे सांगणारा परिच्छेद खाली गेलेला असतो. ही तपासणी माणसानेच करायची.

पान खरोखर वस्तू होतं ते पीडीएफमध्ये. अ‍ॅडोबीने १९९३ साली आणलेल्या आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या या स्वरूपात प्रत्येक पानाची स्वतंत्र नोंद असते, आणि कुठलं पान कितवं याची वेगळी यादी. पानं मागेपुढे करायची म्हणजे त्या यादीतला क्रम बदलायचा. पानावरच्या अक्षरांना हात लागत नाही. म्हणून पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये पानांची छोटी चित्रं दिसतात आणि ती ओढता येतात. स्कॅन केलेल्या पावत्या, सह्या झालेले ठराव, लेखापरीक्षकांचं पत्र हे सगळं अहवालात लावायचं असेल तर ते पीडीएफ झाल्यावरच लावावं. पण पान हलवल्यावर त्यावर छापलेला आकडा बदलत नाही, आणि अर्ध्यावर तुटलेलं वाक्य पुढच्या पानापासून दूर जाऊन पडतं. तेव्हा मजकुराचा क्रम डॉक्समध्ये पक्का करा आणि पीडीएफ शेवटी काढा.

नवं लांब लेखन सुरू करणार असाल तर पहिलं शीर्षक टाइप करतानाच त्याला हेडिंगची शैली द्या. आणि बरोबर लिहिणाऱ्यांना काही कुठे न्यायला सांगायचं असेल तर पानाचा आकडा सांगू नका, शीर्षकाचं नाव सांगा. त्यांच्या पडद्यावर ते पान कदाचित दुसऱ्याच वाक्याला संपत असेल.